दुसऱ्या राणीचा खुलासा

अव्वल कारकून मार्तंडराव हरकरे यांना कोरियन आणि चिनी मालिकांविषयी मते होती, ही बाब आमच्या कार्यालयात कोणालाही आक्षेपार्ह वाटली नव्हती. ज्या कार्यालयात एकाही विषयावर कोणाचेही ठाम मत लेखी सापडत नाही, तिथे एक माणूस रोज दुपारी दोन ते साडेतीन खाली मान घालून स्वतःचे मत लिहितो, याचा आम्हाला अभिमानच होता. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. आमचे कार्यालय विहिरी खणायला परवानगी देते, म्हणजे परवानगीचे अर्ज घेते.

मालिकांचा नाद त्यांना मुलीने, वेदिकाने लावला. सहा महिन्यांत तिचा सुटला, यांचा राहिला. पुढे धरमपेठेतल्या मित्रांच्या ग्रुपवर ते परीक्षणे टाकू लागले. तीस वर्षांच्या नोकरीत लिहिण्याची एकच पद्धत अंगवळणी पडलेली, त्यामुळे परीक्षण असे असे: '१. सदर कोरियन नायक अब्जाधीश असूनही पहिल्या आठ भागांत नायिकेचा हात धरण्याबाबत निर्णय घेत नाही. विलंबाची कारणे नमूद नाहीत. २. ट्रकच्या धडकेत नायकाची स्मृती जाते, तथापि भांग जागेवर राहतो. खुलासा आवश्यक.' मित्र खाली टाळ्या पाठवीत. मार्तंडराव त्या मोजत नाहीत असे दाखवीत.

जानेवारीत त्यांनी साठ भागांची एक चिनी मालिका घेतली. तीत एका गावातली मुलगी अर्ज घेऊन राजधानीत येते. उंच काळी टोपी घातलेला एक कारकून तो अर्ज दाबून ठेवतो आणि मुलगी राजवाड्यापुढे बर्फात गुडघे टेकून बसते. हे पाहून मार्तंडराव भर कार्यालयात रडले. मी स्वतः त्यांना पाणी दिले.

"इतका निर्दय कारकून जगात असू शकत नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "लेखकानं अति करून टाकलं."

तेवढ्यात टेबलासमोर कोणी उभे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. काटोलकडच्या देवकीबाई होत्या. जुनी विहीर आटलेली, संत्र्याची एकशे ऐंशी झाडे बहरात आलेली, आणि भागात पाण्याची पातळी खोल गेल्यामुळे नव्या विहिरीला आमच्या परवानगीची गरज. चौदा महिने त्या दर मंगळवारी एसटीने येत होत्या.

"साहेब, माह्या कागदाचं काय झालं?"

"बाई, पुढच्या मंगळवारी या," मार्तंडराव म्हणाले आणि सतराव्या भागाकडे वळले.

चूक झाली ती शिपाई रुपरावांकडून, आणि तिला चूक म्हणणेही अन्यायाचे आहे. मार्तंडरावांनी चाळीस भागांपर्यंतचे परीक्षण टिपणीच्या हिरव्या कागदावर लिहून टेबलावर ठेवले होते. रुपरावांनी त्यावर परिच्छेदांचे क्रमांक पाहिले, 'अर्जदार' हा शब्द पाहिला, आणि कागद सर्वांत वरच्या फाइलला बांधला. ती देवकीबाईंची होती.

फाइल वर गेली. पहिल्या टेबलाने 'सहमत' लिहिले. दुसऱ्याने 'वरीलप्रमाणे' लिहिले. कार्यालयप्रमुख सुमंत साहेबांनी मात्र त्या दिवशी फाइल वाचली. त्यांना एक बैठक टाळायची होती. वाचून त्यांनी लाल शाईने शेरा मारला: 'मुद्दे गंभीर आहेत. क्र. ४, ६ व ७ बाबत अर्जदाराचा खुलासा घ्यावा.' आठ दिवसांत देवकीबाईंना पत्र गेले. आमच्या कार्यालयातून इतक्या लवकर काही गेल्याचे मला आठवत नाही.

पत्र घेऊन त्या आल्या. रुपरावांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. अर्जदाराचा धाकटा भाऊ हा वस्तुतः वेषांतर केलेली स्त्री आहे किंवा कसे. विष दुसऱ्या राणीनेच दिले काय. हरवलेली स्मृती कोणत्या दिनांकास परत आली.

"काहून वं देवकीबाई, हे काय करून ठेवलं?" रुपराव म्हणाले.

"मी काय करीन? राणी कोन हाय ते तुमच्याच हापिसाले माहीत." त्यांनी पत्राची घडी करून पिशवीत ठेवली. "मांगच्या टायमाले विहीर खंदाच्या आंधी तिच्यात पानी किती लागलं त्याचा दाखला मांगतला होता. तो आनला न मी? हे त्याच्याहून येगळं नाही."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना चहाच्या टपरीवर नेले.

"सांगून टाका साहेबांना," मी म्हणालो.

"सांगितलं तर कार्यालयीन वेळेत मालिका पाहिली म्हणून चौकशी लागते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पत्र बरोबर आहे," ते म्हणाले.

तीन मंगळवारांनी देवकीबाईंनी पूर्तता आणली. भाऊ धोंडबा हा जन्मापासून पुरुष असल्याचा सरकारी दवाखान्याचा दाखला. गावात राणी एकच असून ती जयवंताबाईंची म्हैस आहे, दुसरी नाही, असा सरपंचांचा दाखला. सदर म्हशीने कोणालाही विष दिले नसून ती रोज सहा लिटर दूध देते, असा पशुवैद्यकाचा दाखला. घरातल्या कोणाचीही स्मृती गेलेली नाही, अर्ज कोणत्या तारखेला केला ते सगळ्यांना पाठ आहे, असे स्वतःचे शपथपत्र. इतकी परिपूर्ण फाइल मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

तीच तिची अडचण झाली. टिपणीत विष दिल्याची नोंद होती आणि दाखल्यात ते कोणी दिले नव्हते. सुमंत साहेबांनी मूळ संदर्भ मागवला. मार्तंडरावांनी मालिकेचे नाव लिहून दिले. साहेबांनी तो कागद वाचला. आपल्या सहीने एका बाईकडे दुसऱ्या राणीचा खुलासा मागितला गेला आहे हे त्यांना कळले. ते मान्य केले असते तर त्यांनाच खुलासा द्यावा लागला असता.

"संदर्भ अपुरा पाहिला आहे तुम्ही," ते म्हणाले. "चाळीसच भाग. उरलेले वीस पाहिल्याशिवाय विष कोणी दिलं ते ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय परवानगी कशी देणार?"

एप्रिलभर दुपारच्या जेवणानंतर सभागृहात पडद्यावर मालिका दाखवली गेली, सर्वांना संदर्भ कळावा म्हणून पहिल्या भागापासून. हजेरीपट ठेवला होता. एरवी तीन वाजता न सापडणारी माणसे साडेपाचपर्यंत जागची हलली नाहीत. मुलगी बर्फात कोसळली तेव्हा लेखा शाखेतल्या वंदनाताई हुंदके देऊ लागल्या आणि सुमंत साहेबांनी चष्मा काढला. त्या काळ्या टोपीवाल्याला आम्ही एकमुखाने शिव्या दिल्या. बाहेर बेचाळीस अंश ऊन होते. देवकीबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. साहेबांनी मोठ्या मनाने त्यांना आत बोलावले.

"ह्या पोरीले किती दिस झाले?" त्यांनी विचारले.

"आठ भाग झाले, बाई," मार्तंडराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"मंग लौकर झालं म्हना तिचं."

साठाव्या भागात विष कोणी दिले ते उघड झाले, सम्राटाने मुलीचा अर्ज मंजूर केला आणि कारकुनाला कोठडीत टाकले. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी मार्तंडरावांनी शेवटची टिपणी लिहिली: 'मूळ संदर्भातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केला असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' साहेबांची सही झाली. फाइल बंद झाली.

मंगळवारी देवकीबाई आल्या तेव्हा आम्ही सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले.

"मंजूर झाली न? मंग कागद द्या."

"मंजुरी सम्राटाची आहे, बाई," मार्तंडराव समजावत म्हणाले. "आमच्याकडे आता प्रकरणच शिल्लक नाही. तुम्ही नवीन अर्ज करा. या वेळी वेळ लागणार नाही, कागद सगळे तयार आहेत तुमचे."

देवकीबाईंनी पिशवीतून लिंबाएवढी हिरवी फळे काढून टेबलावर ठेवली. पाण्यावाचून झाडावरून गळलेली संत्री. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता, कागद उडत होते. मार्तंडरावांनी एकेक फळ उचलून कागदांवर ठेवले. वजन म्हणून ती चांगली होती. माझ्या टेबलावरही दोन आहेत.

हा सगळा प्रकार मी आजवर पुष्कळांना सांगितला. सगळे हळहळतात, व्यवस्थेला नावे ठेवतात, म्हणतात असा कारकून असूच कसा शकतो. मग आवाज खाली करून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो. झाडे किती वाचली, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुम्हीही ते विचारणार नाही, म्हणून तुमचाही वेळ घेत नाही. विष थोरल्या राणीने दिले होते.