कपाटाची पाठ

मोरितोला लाकडाच्या कोळंब्या कोरायचा नाद लागला, तेव्हा त्याची बायको चिझुको म्हणाली, "गिऱ्हाइकाचे कल्ले सरळ कापता येत नाहीत, आणि कोळंबीचे डोळे बरे रंगवता येतात!"

बंदराजवळ मोरितोचं केशकर्तनालय होतं. दुकान रिकामं असलं की तो कोळंबी कोरत बसे, आणि गिऱ्हाईक आलं की त्याचं तोंड वाकडं होई. कोळंबी गळाला बांधून पाण्यात सोडावी आणि दहा हातांच्या माकुलानं ती खरी समजून मिठी मारावी, एवढंच त्याचं स्वप्न. पण त्याच्या कोळंब्या धोंड्यासारख्या बुडत. धक्क्यावरचे म्हातारे हसत. "अरे, किरीच्या झाडाचं हलकं लाकूड घे. जितकं जुनं, तितकी कोळंबी अलगद उतरते."

जुनं किरीचं लाकूड घरात एकाच ठिकाणी होतं. चिझुकोच्या जन्माच्या वेळी तिच्या वडिलांनी किरीचं झाड लावलं होतं आणि लग्नात त्याच्याच लाकडाचं किमोनो ठेवायचं कपाट करून दिलं होतं. "पाठ तर भिंतीकडे असते, ती कोण बघतंय?" अशी मनाची समजूत घालून मोरितोनं मागून एक पट्टी कापली.

त्या कोळंबीवर माकूल अक्षरशः तुटून पडले. मग काय, चटकच लागली. एखादी कोळंबी खडकात अडकून गेली की पाठीतली आणखी एक पट्टी जाई. चिझुको आलं लावून माकूल चवीनं खाई आणि म्हणे, "हाताला गुण आला हो तुमच्या!" मोरितो आपली ताटलीही तिच्याकडे सरकवी.

एके दिवशी चिझुको रडवेली होऊन समोर बसली. "ताईचा फोन होता. रविवारी येतेय, कपाट न्यायला."

"न्यायला?"

"तिच्या लेकीच्या लग्नात द्यायला. म्हणे, तू कुठे किमोनो नेसतेस? मला नाही म्हणताच आलं नाही. बाबांची तेवढीच आठवण आहे हो माझ्याकडे." आणि तिला रडूच फुटलं. मोरितोही रडला. त्याला रडायला दोन कारणं होती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं भोकावर पुठ्ठा चिकटवून वरून रंग मारला.

रविवारी हात्सुएताई टेम्पो घेऊनच आली. "बाबांची करामत बघायचीय?" असं म्हणून तिनं वरचा खण जोरात आत ढकलला. त्या कपाटात एक खण लोटला की आतल्या हवेनं खालचा आपोआप बाहेर यायचा. सगळ्या माहेरला त्याचा अभिमान होता. आज खालचा खण जागचा हलला नाही. मागं फटकन काहीतरी पडलं. ताईनं खण ओढून आत डोकावलं, तर समोर भिंत.

मोरितोनं जमिनीला कपाळ टेकलं. "माझंच काम. कोळंब्या केल्या."

"बाबांचं कपाट तुम्ही माकुलांना घातलंत?" ताई कडाडली. "असलं बिनपाठीचं कपाट लेकीच्या सासरी पाठवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" येताना आणलेला मिठाईचा डबा उचलून ती रिकाम्या टेम्पोतून निघून गेली.

मोरितोनं डोकं वर केलं नाही. आता आपली धडगत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. चिझुकोनं खण हळूच आत सरकवला. कपाटावरून हात फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "पाठीत अजून लाकूड उरलंय का?"

"खालच्या दोन पट्ट्या," मोरितो जमिनीकडे बघत पुटपुटला. "हात नाही लावणार. शप्पथ."

"शप्पथ कसली घेताय? आजच कापून टाका. ताईचा राग फार दिवस टिकत नाही; परत टेम्पो घेऊन यायची."