सपाट मिटलेला कोश

कोश टेबलावर सपाट मिटलेला होता. कामावरून घरात पाऊल टाकताच मला पहिलं खटकलं ते हेच. गेले कित्येक आठवडे, आधी कार्यालयात आणि कालपासून घरी, तो जाडजूड ग्रंथ जबडा वासून पडलेला असायचा, कारण त्याच्या पोटात झाडांची पानं होती. आता तो शहाण्या मुलासारखा ओठ मिटून बसला होता. मी टेबलाकडे धावले. (मी एरवीही धावते. कुकरची शिट्टी झाली तरी धावते. पण आज चपलाही काढल्या नाहीत.)

ग्रंथात पानं कशाला, ते आधी सांगते. मी शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरी करते, अजून तात्पुरती. पालवी, धुमारा, पातेरा असे झाडापानांचे जुने शब्द नव्या आवृत्तीत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या संपादकांचा दंडक असा, की खुर्चीत बसून अर्थ लिहायचा नाही आणि उदाहरणाचं वाक्यही माणसांच्या बोलण्यातून ऐकलेलंच घ्यायचं. प्रत्येक शब्दासाठी झाडाचं खरं पान नाहीतर कोंब शोधायचा, जुन्या कोशात त्या शब्दाशी दाबून ठेवायचा आणि मग परीक्षक बाई कोश उघडून पडताळणार. सोबत चिठ्ठी लावायची नाही. शब्द शेजारीच छापलेला असताना चिठ्ठी म्हणजे कागदाची नासाडी, असं संपादकांचं म्हणणं. बाई उद्या सकाळी कार्यालयात येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर मी कायम, नाहीतर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी. शेवटची नजर घरी शांतपणे फिरवावी म्हणून काल मी कोश घरी आणला. शांतपणे, म्हणे.

मी कोश उघडला. पालवी रिकामी. धुमारा रिकामा. डहाळीजवळ नुसता हिरवट डाग.

"कोशाला हात कुणी लावला?" मी विचारलं. घरात आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे प्रश्न तसा फुकटच होता.

नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत आला. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "साफ केला मी. केवढा कचरा होता गं त्यात. शिवण उसवायला आली होती बिचाऱ्याची."

माझा नवरा औषधांच्या गोदामात काम करतो. तिथला नियम एकच, ज्याच्यावर लेबल नाही ते बाहेर. लग्न झाल्यापासून तो नियम घरीही लागू आहे. माझी चेहऱ्याला लावायची मलमाची डबी अशीच गेली. (मलाही लेबल नाही, तरी ठेवून घेतलंय, हे त्याचे उपकार.)

"कचरा?" माझा आवाज इतका चढला की माझी मीच दचकले.

"लेबल कुठे होतं?"

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? प्रश्न बरोबर होता, याचा.

पानं बाल्कनीतल्या कुंडीत गेली होती. चांगलं खत होईल म्हणून त्याने ती हातांनी चुरली होती, मातीत कालवली होती आणि वरून पाणीही घातलं होतं. नीटनेटका माणूस काम अर्धवट टाकत नाही. मी तिथेच फतकल मारली आणि उकरायला लागले. उकरताना जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात त्याचं गोदाम, सासूबाईंनी लावलेलं वळण आणि आमचं लग्न जमवणारे मामा, सगळ्यांचा उद्धार झाला. तो बिचारा गुपचूप आत गेला आणि चिमटा, जुना टॉवेल आणि, शपथेवर सांगते, लेबलांची गुंडाळी घेऊन आला.

मग तो कोशातून अर्थ वाचू लागला आणि मी चिखलातून पान शोधू लागले. पालवी म्हणजे कोवळी, तांबूस, लवलवती पानं. माझ्या हातात तपकिरी चुरा. धुमारा म्हणजे नुकता फुटलेला रसरशीत कोंब. तपकिरी चुरा. मग आला पातेरा, झाडाखाली पडलेली वाळकी पानं.

"हे घे की," तो खुलून म्हणाला. "यात सगळंच बसतंय."

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कोश ढालीसारखा छातीशी धरून मागे सरकला.

आता एकच वाट उरली होती. संपादकांना खरं सांगायचं आणि बाईंची फेरी पुढे ढकला म्हणून हातापाया पडायचं. माझे हात चिखलाने भरलेले, म्हणून नवऱ्याने फोन लावला आणि स्पीकर चालू करून कुंडीच्या काठावर ठेवला. रिंग वाजली, वाजली आणि बंद पडली. परत लावला. परत तेच. त्याने तिसऱ्यांदा लावला. प्रत्येक रिंगेला माझी भीती आटत गेली आणि तिच्या जागी राग फुटत गेला.

"तू म्हणजे नुसतं बांडगूळ आहेस," मी नवऱ्याला म्हणाले. "दुसऱ्याच्या कष्टावर चढून बसायचं आणि ते वाळवायचं. आणि आमचा संपादक, तो तर वाळका देठ. पान केव्हाच गळून गेलं, तरी हा आपला फांदीला चिकटलेला. स्वतः एक चिठ्ठी लावू देणार नाही, आणि मी मात्र उन्हातान्हात धुमारे हुडकत फिरायचं."

 नवरा नुसता फोनकडे बोट दाखवत राहिला. रिंग थांबली होती. मला वाटलं, आधीसारखी आपोआप बंद पडली असेल. तेवढ्यात कुंडीच्या काठावरून कागद सरकवल्याचा आवाज आला आणि मागोमाग तो ओळखीचा, संथ आवाज.

"वाळका देठ बोलतोय. बांडगुळाचं वाक्य उतरवून घेतलं. देठाचं जरा सावकाश सांगा."