तीन रकान्यांची हजेरी

रविवारी सकाळी साडेआठ वाजता दाविदरावांचा खिडकीजवळचा संगणक सुरू झाला नाही. दोनदा बटण दाबून त्यांनी वही उघडली आणि त्याच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिले.

दाविदराव माझे भोरमधले शेजारी, वेल्ह्याच्या तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. दर रविवारी ते बायबलचे एकच वचन तीन ठिकाणी तपासतात: विंडोजचा जुना डेस्कटॉप, लिनक्सचा लॅपटॉप आणि अँड्रॉइडचा टॅब. तिन्हींवर बायबल अभ्यासाची वेगवेगळी सॉफ्टवेअर. एकावर टिपा बाजूला दिसतात, एकावर तळाशी, एकावर जोडाक्षरे तुटतात. एका वचनाला पाऊण तास लागतो. काही अडले की मला, शेजारच्या वार्ताहराला, हाक येते. गेली तीन वर्षे माझे रविवार असे जात आहेत.

"पंचनाम्याला पंच नकोत व्हय?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. "तुमा पेपरवाल्यांचं एकावर भागतं. आमचं न्हाई भागत."

सगळे मोबाईलवर घ्या, असे मी अनेकदा सुचवले. एकच अ‍ॅप सगळीकडे चालते, टिपाही आपोआप एकत्र होतात.

"सगळं येक झाल्यावर भांडायचं कुनाशी?" ते म्हणाले.

याचा अर्थ मला सोमवारी कळला. डेस्कटॉप रिक्षात घालून आम्ही बाजारात संतोषच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने तो उघडला.

"बोर्ड गेलाय, काका. लई जुना माल. भंगारवाला बी घासाघीस करंल."

"भंगार म्हनू नगंस. मार्थाबाईंचा हाय त्यो."

मार्थाबाई निवृत्त परिचारिका. त्या, दाविदराव आणि आणखी दोघे दर रविवारी अभ्यासाला बसत. त्या दोघांपैकी एक वारले, एक मुलाकडे नाशिकला गेले. मार्थाबाई सर्वांत शेवटी, तीन वर्षांपूर्वी वारल्या. तिघांची यंत्रे दाविदरावांकडे आली, वचनावचनाखाली लिहिलेल्या टिपांसकट. वहीतले रकाने यंत्रांचे नव्हते.

मार्थाबाईंच्या टिपांची दुसरी प्रत नव्हती. त्यांचे सॉफ्टवेअर इतके जुने की त्याची फाईल लॅपटॉपवरही उघडत नव्हती आणि टॅबवरही. दाविदराव दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले.

"डिस्क जिवंत हाय का, तेवडं बग बाबा."

डिस्क चालू निघाली. संतोषने ती दुकानातल्या विंडोजच्या संगणकाला जोडली, तिच्यावरचेच जुने सॉफ्टवेअर चालवले आणि टिपा छापून काढल्या. गुरुवारी कागदांचा गठ्ठा मिळाला. देताना त्याने वरचे पान वाचले आणि हसला.

"काका, हितं तुमचंच नाव हाय की!"

टीप अशी होती: 'दाविदला हे पटणार नाही.' हे वाक्य पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर होते.

काल रविवारी साडेआठ वाजता खिडकीजवळ संगणकाच्या जागी तो गठ्ठा होता. दाविदरावांनी वचन लॅपटॉपवर वाचले, मग टॅबवर, मग गठ्ठ्यातली त्या वचनाची टीप शोधली. ती त्यांनी दोनदा वाचली.

"न्हाईच पटलं, बाई," ते म्हणाले.

वहीत तिन्ही रकान्यांत त्यांनी 'हजर' लिहिले. मग मागच्या रविवारच्या 'गैरहजर'वर आडवी रेघ मारली, शेजारी 'आजारी रजा' लिहिले आणि खाली सही केली.