काहीही हरवणार नाही!

लेकीच्या झोपेवर अख्खं पुस्तक लिहिणारी बाई पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या! आमची ठमी, वय दीड वर्ष, झोपते ती एक कान उघडा ठेवूनच. ती पेंगली की मी दाराची बेल बंद करते, नळ घट्ट पिळते आणि संगणकासमोर बसते. डाव्या पायाने पाळणा, दोन्ही हातांनी कीबोर्ड! अशी उष्टी मिनिटं वेचून मी ठमीसाठी गोष्टी लिहिल्या, सगळ्या एकाच फाइलमध्ये. एका गोगलगाईच्या. घर पाठीवरच असतं, तरी तिला घरी पोचायला रोज उशीर होतो.

एका संपादकबाईंना फोनवर दोन-तीन वाचून दाखवल्या, त्यांना आवडल्या. "सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या पाठवा," त्या म्हणाल्या. "यंदाची पुस्तकं त्याच दिवशी ठरतात. चुकलात तर पुढच्या वर्षी बघू."

"सोमवार कशाला? रविवारीच देते!" मी म्हटलं. माणसानं इतकं माजू नये.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. अतिशय सावध माणूस! कुलूप लावून ओढतो, जिना उतरतो, पुन्हा वर येऊन कुलूप ओढतो. या गोष्टी लिहायला मी अगदी पहिल्यांदा बसले, त्याच दिवशी हा मागे येऊन उभा! माझं जेमतेम एक वाक्य झालं होतं.

"हे फक्त इथेच ठेवणार?" त्याने असं विचारलं, जणू मी ठमीला गॅलरीच्या कठड्यावर बसवलंय.

लगेच त्याने कुठूनतरी फुकटचं एक सॉफ्टवेअर आणून बसवलं. "फोल्डरमध्ये नवीन फाइल दिसली, की हे आपोआप तिची प्रत काढतं. आता काहीही हरवणार नाही!"

"आणि प्रती ठेवतं कुठे?"

"त्याच फोल्डरमध्ये. शोधाशोध नको!"

काहीतरी खटकलं. पण तेवढ्यात ठमी उठली. माझे सगळे विचार तिथपर्यंतच पोचतात.

महिने गेले. गोगलगाय पुढे सरकत होती, संगणक मात्र मागे पडत चालला. एक अक्षर दाबलं की ते विचार करून उमटायचं. आतला पंखा तर असा घरघरायचा, जणू दळणाची गिरणी! त्या आवाजाने ठमी उठायला लागली.

"अरे, हा एवढा का ओरडतोय?"

"ओरडत नाही, राबतोय! राखण चालू आहे तुझ्या लिखाणाची," नवरा अभिमानाने म्हणाला.

सासूबाईंनी त्यांच्या परीने उपाय केला. "पोर दचकते गं त्या आवाजाने," म्हणत त्यांनी संगणकावर ठमीची दुलई पांघरली. आमच्या घरात नीट पांघरूण मिळालेला तेवढा एकच!

कबूल केलेल्या रविवारी दुपारी गोगलगाय शेवटी घरी पोचली. मी डोळे पुसले, सेव्ह केलं. पडद्यावर चौकट आली, जागा शिल्लक नाही.

"अहो राखणदार! हे बघा काय म्हणतंय!"

"ओके कर," तो सोफ्यावरून म्हणाला. "असल्या धमक्या देतच असतं ते."

ओके केलं. सगळं गोठलं.

"बंद करून चालू कर."

बंद केलं. चालू केलं. काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. डोळा मारावा तशी! पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सासूबाई धावत आल्या. "ठमीचे फोटो गेले का गं?"

"नाही आई, ते फोनमध्ये आहेत."

"हुश्श! मग काही गेलं नाही ना!" आणि त्या भाजी निवडायला गेल्या.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दुरुस्तीच्या दुकानात. नवऱ्याच्या हातात संगणक, माझ्या कडेवर ठमी.

"काय होतं यात?" दुकानदाराने विचारलं.

"विशेष काही नाही," नवरा म्हणाला. "हिचं आपलं लिखाण."

मी ठमीला त्या कडेवरून या कडेवर घेतलं. हात मोकळा असता तर कथेचा शेवट वेगळा झाला असता.

दुकानदाराने डबा उघडला, कसल्या कसल्या वायरी जोडल्या आणि थोड्या वेळाने हसायलाच लागला. "अहो साहेब, प्रती त्याच फोल्डरमध्ये ठेवल्यात तुम्ही! सॉफ्टवेअरने प्रत काढली. ती नवीन फाइल दिसली, म्हणून तिची प्रत काढली. मग त्या प्रतीची! लाखोंनी झाल्या. मशीन सुरू होताना आधी सगळ्यांची हजेरी घेतं. घेता घेताच झोपतंय बिचारं."

"पण माझी फाइल?"

"तुमची मूळ फाइल रिकामी आहे. शेवटचं सेव्ह करताना जुनं पुसलं गेलं आणि नवीन लिहायला जागाच नव्हती."

"मग प्रती आहेत की!" नवरा उजळला. "लाखो!"

दुकानदाराने एक उघडली. दुसरी. मधलीच कुठलीतरी. शेवटची. सगळ्यांत एकच वाक्य होतं. पहिल्या दिवशीचं.

'ठमी झोपली आहे, आता निवांत लिहिते.'

"बाकीचं?" मी विचारलं.

"हे सॉफ्टवेअर फक्त नवीन फाइल बघतं, ताई. नाव ओळखीचं असलं की आत काय बदललंय ते बघत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिशात संगणकाच्या गॅरंटीची पावती शोधत होता.

दुपारी संपादकबाईंचा फोन आला. "पाठवताय ना?"

"पाठवते की," म्हटलं. "किती लाख प्रती हव्यात?"

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

आता मी कागद आणि पेन्सिल घेऊन बसले आहे. डावा पाय पाळण्यावर. गोगलगाय पुन्हा दाराबाहेर, पहिल्या पायरीवर. पहिलं वाक्य तेवढं तोंडपाठ आहे. ते लिहून झालं, तोच मागून दबक्या आवाजात विचारणा आली.

"याची एक झेरॉक्स काढून ठेवू का गं?"

मी पेन्सिल त्याला फेकून मारली. ती लागली पाळण्याला.

ठमी उठली.