फ्लशला दम पायजे

आमच्या शेजारचे भीमण्णा संडासात ज्वारीच्या पिठाचे गोळे टाकतात. खरंच सांगायलेय! काकू भाकरीला पीठ मळायल्या की त्यातलंच उचलून लिंबाएवढे पाच गोळे वळतात, भांड्यात सोडतात अन् बटन दाबतात. मग अख्ख्या गल्लीला निकाल ऐकू येतो, "दोन गेले, तीन तरंगायलेत. दम न्हाई!"

"अन्न हाय ते, अन्न!" काकू ओरडतात.

अण्णा रिटायर मास्तर. आईचा चहा, कमलनगरची जीप, माझा बीएचा रिझल्ट, सगळ्याला एकच शेरा: दम न्हाई. पण फ्लशच्या मागं तर हात धुऊन लागलेले. टाकी नवी बसवली. फ्लोट इतका वर केला की पाणी पार अंगणात. प्लंबर म्हणाला भांडंच बदला, तर त्यालाच दम न्हाई म्हणून हाकलला.

"अण्णा, कामून एवढं? बादलीनं पाणी टाका की."

"आक्का बादली उचलंल व्हय गं?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, निर्णा गावात दिलेली. सत्तरी उलटली तरी पंचमीला माहेरी येतेच. गेल्या पंचमीला चार दिवस राहायला आली अन् दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. "शेळीकडं कोण बघंल?" शेळी तर तिनं कवाच विकलेली! गुडघा धरून संडासात बादल्या ओतताना काकूंनी तिला बघितलं होतं.

मी लगेच मोबाईलवर शोधलं. बोअरचं खारं पाणी! भांड्याच्या काठाखालची भोकं पांढऱ्या खारानं बुजतात. झालं! अण्णांचा दाढीचा आरसा, माझी डोक्याची पिन, गरम पाण्यात लिंबूसत्व. अण्णा फरशीवर आडवे, आरसा माझ्या हातात. एकेक भोक मोकळं झालं की हजेरी घेतल्यागत, "हं, पुढचा!"

पाच गोळे. बटन. धडाड! पाची गायब.

"माझी एक भाकर गेली," काकू म्हणाल्या, पण हसायल्या होत्या.

अण्णांनी तिथूनच फोन लावला. थोरल्या बहिणीला असलं कसं सांगणार? "आक्का, पंचमीला ये."

"येतो रे एका दिवसापुरती. शेळी हाय न्हवं."

 अण्णांनी फोन भांड्याजवळ धरला अन् बटन दाबलं.

 तिकडून आक्का हळूच म्हणाली, "चार लुगडी घेऊन येतो."

 टाकी अजून भरायलीच होती, तरी अण्णांनी परत बटन दाबलं.