अनोळखी संगणकावरचा माणूस

आमच्या घराच्या सुरक्षेसाठी बाहेरच्या माणसाची गरज नाही, असे मी एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता जाहीर केले. बाहेरचा माणूस म्हणजे बायकोच्या ऑफिसात इंटरनेट सुरक्षेचे धडे देणारे सर. आठवडाभर ते न बोलावता, बायकोच्या तोंडून, आमच्या जेवणाला हजर असत.

"सर म्हणतात, सगळीकडे एकच पासवर्ड म्हणजे दाराला, कपाटाला, तिजोरीला एकच किल्ली."

"सर जेवतात कधी?"

"आणि फिशिंग म्हणजे ओळखीच्या नावानं खोटी मेल पाठवून माहिती काढून घेणं. इतकं छान समजावलं त्यांनी!"

छान मलाही समजावता येते; फक्त समोर कुणी नसावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांच्या फोटोंच्या खात्याला मी असा पासवर्ड दिला, की वाचतानाच धाप लागावी. त्यात आमच्या लग्नाचे फोटो होते. सासरे माझ्याकडे पाहून हसल्याचा जगातला एकमेव पुरावा त्यांतच होता. ऑफिसात पोहोचताच मी आपली तटबंदी एकदा उघडून डोळे भरून पाहिली.

लगेच बायकोचा फोन. "अरे, आपल्या खात्यात कुणीतरी अनोळखी संगणकावरून शिरलंय. मला सूचना आलीय."

तो पासवर्ड भेदू शकेल असा माणूस मला एकच ठाऊक होता. लग्नाच्या एका फोटोत खिडकीपाशी वळून पाहणारी बायको, आणि तो फोटो निवांत न्याहाळणारे सर! त्यांना रंगेहाथ पकडायला मी शेजारच्या टेबलावरून खात्यात डोकावलो.

"आणखी एक शिरला," ती म्हणाली.

मी हिशेब विभागाकडे धावलो आणि तिथून पाहिले.

"तिसरा. अरे, ही टोळी आहे."

मी त्याच संगणकावर घाईघाईने पासवर्ड पुन्हा बदलला. मत्सराच्या भरात काय टाइप केले, ते मात्र मला नंतर आठवेना. संध्याकाळी घरी चुकीचे अंदाज करता करता खाते बंद पडले. सासऱ्यांचे हसू आत, आम्ही बाहेर.

बायकोने फोन स्पीकरवर टाकला. सरांनाच.

"मॅडम, सूचनांमध्ये संगणकांची नावं असतील. वाचा बरं."

"आवक-जावक एक. आवक-जावक दोन. हिशेब विभाग." वाचता वाचता तिने सावकाश माझ्याकडे पाहिले. "सर, हे आमच्या ह्यांचंच ऑफिस."

"मग टोळीला जेवायला वाढा," सर म्हणाले. इतक्या सौजन्याने, की त्यांचा राग धरणेही अवघड झाले. "आणि तुम्ही ठरवलेला सुरक्षा प्रश्न येईल, त्याचं उत्तर टाका."

प्रश्न आला: तुमच्या सर्वांत जवळचा माणूस कोण? तिने मला दिसणार नाही असा फोन धरून काहीतरी टाइप केले. खाते उघडले. सासरे हसत होते.

"माझंच नाव होतं ना?"

"उत्तर कुणाला सांगायचं नसतं. सर म्हणतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, आवक-जावक एकवरून, मी त्या प्रश्नाला एकदाच उत्तर देऊन पाहिले. चुकले. लगेच फोन वाजला.

"स्वतःचं नाव टाकलंस ना?"

"हो."

"ते नाहीये. वेड्या, खरं उत्तर तिथे कधी टाकायचंच नसतं."

मला एकदम भरून आले. आनंदात मी विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?"

विचारायला नको होते.