कवडूजींची हिंगाची डबी

कवडूजी भेटले की रामराम करत नाहीत. खिशातून पत्र्याची डबी काढतात, झाकण उघडतात आणि थेट आपल्या नाकाखाली धरतात. "घ्या! येऊन राह्यला का वास?"

येणार नाही तर काय! आत खडा हिंग असतो, डोळ्यांत पाणी आणणारा. आमच्या राळेगावात कोणी कोणाला हिंग लावून विचारत नाही. हे मात्र अख्ख्या गावाला हिंग हुंगवून विचारतात. त्यांचं घर आणि सायकलचं दुकान माझ्या घराला लागूनच. हवा भरायला आलेल्यानं आधी हुंगायचं, मग पंप मिळणार. पोट दुखतं? बेंबीवर हिंग. दाढ ठणकते? दाढेत हिंग. एकदा माझा गुडघा धरला तर म्हणाले, "वहिनी, हिंग."

"गुडघ्याला काय फोडणी देऊ, कवडूजी?"

"देऊन तं पाहा!"

यवतमाळचे किराणावाले त्यांना लांबून पाहूनच डबे झाकतात. हे सगळे हुंगणार आणि भर गिऱ्हाइकांत जाहीर करणार, "हिंग कायचा, मैदा हाय हा!"

पण हे खूळ जन्माचं नाही बरं. त्यांची बायको सुमनबाई वरणाला फोडणी द्यायची, तेव्हा गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून घरी जेवायला पळायची. मग तिला ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास यायचा बंद झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, आणि ही बाई शेजारीच तांदूळ निवडत बसलेली! त्या दिवसापासून तिनं स्वयंपाक सोडला. "मले काय समजते आता? माती शिजवली तरी सारखीच," म्हणाली. फार वाईट वाटलं मला.

कवडूजी मात्र हटले नाहीत. "हिंगापेक्षा उग्र काय हाय जगात? तोच दार उघडन!" गावाच्या नाकावर हिंग पारखायचा आणि सकाळ-संध्याकाळ तिच्या नाकाखाली धरायचा. "आला?" "नाही." वरणही स्वतःच करायचे. हिंगात वरण की वरणात हिंग, कळू नये असं. दोघंही मुकाट्यानं खायची.

गेल्या आठवड्यात मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून सुमनबाई कडाडली, "जाळला न तो हिंग! उठा तिथून! कोणं बसवलं तुमाले फोडणीपुढं?"

मग कवडूजी झारा घेऊन रस्त्यावर! "वहिनी, वास आला! शिव्या देऊन राह्यली!" धावत दुकानात गेले आणि तिथल्या एकूणएक सायकलींच्या घंट्या वाजवत सुटले. गल्ली जमली. ज्याला त्याला "शिव्या देऊन राह्यली" सांगताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि या वेळी डबी बंद होती.

संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. सुमनबाई पदर खोचून शेगडीपुढं उभी. फोडणी ओतण्याआधी तिनं एक वाटी साधं वरण बाजूला काढलं.

"हे कोणाला गं?"

"यांले. लग्न झालं तवापासून यांचं बिनहिंगाचंच काढतो मी. हिंगाच्या वासानं डोस्कं उठते न यांचं."

मी कवडूजींकडे पाहतच राहिले. त्यांनी ती वाटी पुढं ओढली.

"वाढ न भात," म्हणाले. "लय दिवस झाले."